पोस्टातून येणारी डिग्री

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।
धुळे, सोमवार, ८ जून १९९२

चि. बन्सीलाल यास लिलाअक्काचे अनेक आशीर्वाद.

जळगावहून आलेल्या भाईदासांबरोबर तू धाडलेली पिशवी काल संध्याकाळी हाती आली. आत निघालं ते असं: सुनंदाच्या माहेरची, फैजपूरची केळी दीड डझन, पैकी चार दबलेली, ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा डबा एक, माझी स्टीलची चाळणी, जी मागच्या दिवाळीपासून तुमच्याकडे मुक्कामाला होती, इंग्रजी पुस्तिका एक, आणि छापील फॉर्म एक, भरून सही केलेला, तुझा फोटो चिकटवलेला. स्टँडपासून रिक्षाला भाईदासांचे पाच रुपये गेले. ते घेईनात, तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातले. दबलेल्या केळ्यांचं शिकरण केलं, चांगली देवापुढे ठेवली.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्मा लावून. दोन्ही वेळा तेच निघालं. तुला एम.बी.ए. करायचं आहे, आणि तेही पोस्टाने. घरी पुस्तकं येणार, घरी बसून उत्तरं लिहायची, ती पाकिटात घालून धाडायची, रविवारी कधीमधी वर्गाला जायचं आणि तीन वर्षांनी डिग्री. शेजारच्या भिकुबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, डिगरी पोष्टमा येस, मंग जवाई बी पोष्टमाच येई. त्यांच्या धाकटीचं जमत नाहीये, म्हणून त्यांची प्रत्येक गोष्ट तिथेच जाऊन पोचते. पण माझ्या मनात जे होतं त्यापासून त्या फार लांब नव्हत्या.

तू लिहितोस की स्वस्त आहे. पुण्याला जाऊन कॉलेजात हेच करायचं तर पाचपट पैसे आणि वर दोन वर्षं पगार नाही, त्या मानाने तीन वर्षांत मिळून साडेदहा हजार म्हणजे काहीच नाही. हे मला पटलं. पण दारावर भांडी विकायला येतात त्यातलं एखादं स्वस्त पडलं तरी मी ते आधी वाजवून बघते, मग उजेडात धरते, आणि शेवटी घरात त्याची गरज आहे का ते बघते. हे साडेदहा हजार तुझ्या स्कूटरचे आहेत, हे तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. पावसापाण्यात एम.आय.डी.सी.पर्यंत सायकल मारत जातोस. चौतिसावं लागलं तुला.

तेव्हा सरळ सांग. पाइपच्या कारखान्यात दहा वर्षं खरेदीचं काम केलंस, बी.कॉम. आहेस, हिशेब चोख आहे. ही डिग्री नसल्याने तुझं नेमकं कुठे अडलं? आणि ती आल्यावर कोण तिला विचारणार? आमच्या यांना विचारशील तर ते पेपरातली जाहिरात वाचूनच हो म्हणाले. एस.टी.च्या डेपोत बसून त्यांना कुठलीही गाडी निघालेली बघायला आवडते, म्हणून त्यांचं मत मी धरत नाही.

सुनंदाचं म्हणणं तिच्या हातचं येऊ दे. तुझ्या पत्रात नुसतं 'सुनंदाची हरकत नाही' असं आहे. हरकत नसणं म्हणजे काय असतं, ते मला इतक्या वर्षांच्या संसारात चांगलं कळलंय.

फॉर्म व पुस्तिका कपाटात ठेवली आहेत. चि. बेबीला पापा. इकडची माया आहे तशीच आहे, तिकडची कमी पडू देऊ नये.

तुझी
लिलाअक्का


जळगाव, रविवार, १४ जून १९९२

ती. सौ. अक्का व ती. नाना यांच्या चरणी बन्सीलालचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र पोचलं. चाळणी मिळाल्याची पोच तू केळ्यांच्या खालोखाल दिलीस, त्यावरून तिची किती आठवण काढली असशील ते समजलं. सुनंदा म्हणते की मागितली असती तर आधीच धाडली असती. मी तिला म्हटलं की अक्का मागत नाही, लक्षात ठेवते.

तू विचारलंस, नेमकं कुठे अडलं. तर सांगतो. मार्चपासून आमच्याकडे पुण्याचा एक मुलगा आलाय, सव्वीस वर्षांचा, कॉलेजात जाऊन एम.बी.ए. झालेला. तो माझा साहेब आहे. मुलगा वाईट नाही. मला बन्सीभाऊ म्हणतो, डब्यातली शेवभाजी मागून खातो. पण परवाच्या मीटिंगला त्याने शेठना सांगितलं की आपण कच्चा माल वर्षाला किती घेतो यापेक्षा एका वेळी किती घेतो ते तपासायला हवं. शेठनी मान डोलावली. अक्का, हे मला पाच वर्षांपासून वाटत होतं, पण वाटत होतं एवढंच. ते असं दोन वाक्यांत मांडता येतं, त्याला रीत आहे, त्याला नाव आहे, हे मला माहीत नव्हतं.

तीन वर्षांत शेठ दुसरा कारखाना काढणार आहेत. तिथे खरेदीचा मॅनेजर लागेल. डिग्री असली तर मी, नसली तर आणखी कुणी पुण्याचा. पगारात महिन्याला आठशेचा तरी फरक पडेल. म्हणजे साडेदहा हजार सव्वा वर्षाच्या आत वसूल. हा हिशेब तुझ्यासाठी मुद्दाम केला, तपासून घे.

पुस्तिका बँकेतल्या एका मित्राची आहे, तो दुसऱ्या वर्षाला आहे. नानांकडून वाचून घे आणि सांग, यात काही दम आहे की नुसता कागद आहे. तुला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. लग्नातल्या सुटाचा रंगसुद्धा तूच ठरवला होतास, आणि तो तपकिरी होता, हे मी अजून कुणाला बोललेलो नाही.

फॉर्मची शेवटची तारीख १० जुलै. खाली सुनंदा लिहिते आहे, मला बघू देत नाही.

तुझा
बन्सी

सौ. अक्कांना सुनंदाचा नमस्कार. माझी हरकत नाही, भीती आहे. यांनी आजवर पेटीचा क्लास लावला तो 'सारेगम'पर्यंत, होमिओपॅथीचं पुस्तक आणलं ते सर्दीपर्यंत. आता हेही अर्ध्यात सुटलं तर आमच्याकडे स्कूटरही नाही आणि डिग्रीही नाही. पण खोटं कशाला लिहू. एरवी जेवण झालं की हे पेपर तोंडावर घेऊन झोपतात. ती पुस्तिका आल्यापासून झोपले नाहीत. मी काय समजायचं, ते तुम्हीच सांगा.


।। श्री एकवीरा प्रसन्न ।।
धुळे, रविवार, २८ जून १९९२

चि. बन्सीलाल व सौ. सुनंदा यांस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण पुस्तिका वाचून होईपर्यंत लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी दिवा लावला की हे वाचत, मग मराठीत सांगत, आणि मी तोवर तांदूळ निवडत असे. पहिले दोन दिवस वाटलं की आपल्याला माहीत असलेल्याच गोष्टींना इंग्रजी कपडे घातलेत. वर्षाचे गहू कधी भरावे, किती भरावे, हे मला कुणी छापून द्यायची गरज नाही. मी यांना तसं म्हटलंही.

पण तिसऱ्या दिवशी एक पान आलं. त्यात लिहिलं होतं की एखाद्या गोष्टीवर जो खर्च होऊन गेला तो गेला. आता पुढे काय करायचं हे ठरवताना तो धरायचाच नाही. पुढे किती लागणार आणि पुढे काय मिळणार, एवढंच बघायचं. मी यांना ते परत वाचायला लावलं. मग मी शिलाईच्या मशीनकडे बघितलं. तुला माहीत आहे, ते जुनं घेतलेलं मशीन. तीन वेळा दुरुस्त केलं, आणि दर वेळी मी हेच म्हटलं की इतके घातलेत तर आणखी थोडे घालू. भिकुबाईंच्या जावेने ते मोडीत नव्हे तर चांगल्या भावाने मागितलं होतं, तरी दिलं नाही, का तर त्यात माझे पैसे गेलेत. बन्सी, मी दहावीला गणितात पहिली होते आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. बुधवारी मशीन दिलं. जागा मोकळी झाली, तिथे आता तुळशीची कुंडी ठेवली आहे. एवढं एका पानात मिळतं, तर ज्या पुस्तकांच्या अशा थप्प्या येणार आहेत त्यांना नुसता कागद म्हणवत नाही.

आता बाहेर त्याला भाव किती. तेल गिरणीत देवचंद म्हणून मॅनेजर आहेत, यांच्या ओळखीचे. त्यांनी हेच शिक्षण पत्राने केलंय, म्हणून एकवीरेच्या देवळातून येताना मी त्यांच्या घरी गेले. माणूस खरं बोलला. मुलाखतीत विचारलं कुठून केलं, देवचंदांनी सांगितलं पोस्टाने, तर समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. नोकरी मात्र दिली. दोन महिन्यांनी काम दिसलं, मग पुन्हा कुणी विचारलं नाही. देवचंद म्हणाले की डिग्री दार उघडत नाही, पण उघडलेल्या दारात उभं राहायला पायाखाली काहीतरी देते. त्यांच्या बायकोने आतून सांगितलं की तीन वर्षं त्यांनी एकही लग्न धड जेवलं नाही. तेही लिहून ठेवलं.

रविवारचे वर्ग धुळ्यालाच आहेत, हे मला त्यांच्याकडून कळलं. तू ते लिहिलं नव्हतंस. म्हणजे महिन्यातून दोन रविवार तू इकडे जेवायला. हे मी हिशेबात धरलेलं नाही, कारण तो फायदा माझा आहे, तुझा नाही. फक्त एक. आपल्या घरी श्रावणात कानबाईच्या नैवेद्याचे रोट ज्या रविवारी असतात, त्या दिवशी वर्ग असला तर वर्ग बुडव. बठ्ठी, झाडून सारी भावकी पानावर बसलेली आणि तू नाहीस, हे चालायचं नाही.

मग एकच गोष्ट उरते, आणि ती तू टाळली आहेस. तुझा सगळा हिशेब शेठवर उभा आहे. शेठ ही डिग्री धरतील का, हे तू त्यांना विचारलंस का? तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. नाही म्हणतील या भीतीने विचारलं नसशील, मी तुला लहानपणापासून ओळखते. विचार, आणि मला कळव.

माझं मन मात्र झालं आहे. तारीख जवळ आली, म्हणून तुझ्या पत्राची वाट न बघता यांनी शुक्रवारी पहिल्या वर्षाच्या फीचा ड्राफ्ट काढून आणला. फॉर्म देवापुढे ठेवला, तुझ्या फोटोला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. उद्या सकाळी रजिस्टरने विद्यापीठाच्या नाशिकच्या कार्यालयाला रवाना. ड्राफ्टचे पैसे सवडीने दे. घाई नाही, पण विसरूही नकोस.

सौ. सुनंदा, पेटी आणि होमिओपॅथीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. यापुढे असं काही असेल तर थेट मला लिहीत जा.

सप्तशृंगीमाता यश देवो. माया आहे, ती दोन्हीकडून राहू दे.

तुझी
लिलाअक्का


जळगाव, रविवार, १२ जुलै १९९२

ती. सौ. अक्का हिस नमस्कार.

फॉर्म परत आला आहे. पाकीट फोडलं तेव्हा मांडीवर तांदूळ सांडले. फोटोत मी कुठे नाही, नुसतं कुंकू आहे. पावसाळी हवेत ते ओलं होऊन खाली सहीपर्यंत उतरलं आहे. कार्यालयाची चिठ्ठी आहे की फोटोवरून उमेदवाराची ओळख पटत नाही, सही वाचता येत नाही, तरी नव्याने अर्ज करावा. चिठ्ठी काल मिळाली. तारीख परवा संपली.

मी काही बोलणार नव्हतो. पण सुनंदा म्हणाली की मनात ठेवू नका, लिहून टाका. तुझ्या मनातून नव्हतं तर तसं लिहायचं होतंस, अक्का. मी ऐकलं असतं. तुझं ऐकलं नाही, असं आजवर झालेलं नाही. देवाला मध्ये घालायची गरज नव्हती.

तू सांगितल्याप्रमाणे शेठनाही विचारलं. ते फोनवर होते, हात फोनवर ठेवून म्हणाले की पोस्टाची डिग्री पोस्टातच जमा कर, मला माणूस लागला तर मी पुण्याहून आणीन. मग परत फोनवर बोलायला लागले. तेव्हा तुझ्या हिशेबाप्रमाणेही आणि माझ्या हिशेबाप्रमाणेही विषय संपला. फॉर्म परत आला ते एका अर्थी बरंच झालं. ड्राफ्ट सोबत जोडला आहे, नानांनी तो बँकेत रद्द करून घ्यावा. दिवाळीला स्कूटर बघू.

बाकी ठीक. मित्राने त्याची दुसरी पुस्तिका दिली होती, ती परत करायची राहिली आहे. त्यात माल साठवण्याचं प्रकरण आहे. आमच्याकडे पावडरच्या गोण्या येतात, पाइप त्याच पावडरचे होतात. शेठ दिवाळीच्या आधी भाव उतरला की एकदम मोठा साठा करतात. मी पुस्तिकेतल्या रीतीने बसून मांडून बघितलं, तर उतरलेल्या भावात जे वाचतं त्याहून जास्त त्या गोण्या पडून राहण्यात जातं. गोदामाचं भाडं वेगळं, ओल लागून घट्ट झालेल्या गोण्या वेगळ्या. पण गंमत अशी की सगळाच साठा कमी करून चालत नाही, कारण मार्चमध्ये शेतकऱ्यांची मागणी एकदम येते, सावद्याकडची केळीवाली गिऱ्हाइकं तेव्हा थांबत नाहीत. म्हणजे दोन वेळा घ्यायचा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा जानेवारीच्या शेवटी, आणि दोन्ही वेळा किती ते काढायची एक रीत आहे. मी ती काढली. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बसली. सुनंदाला दाखवली, ती म्हणाली छान आहे, भाजी आणा. मग परवा गोदामात जाऊन गोण्या मोजून ताळा केला. फार थोडा फरक आला. तो का आला, तेही आता लक्षात आलंय. पुढच्या प्रकरणात कदाचित असेल.

हे आपलं आठवलं म्हणून लिहिलं. पुस्तिका मंगळवारी परत करतोय.

नानांना नमस्कार.

बन्सीलाल


।। श्री एकवीरा प्रसन्न ।।
धुळे, शनिवार, १८ जुलै १९९२

चि. बन्सीलाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. त्यात मी पहिल्यांदाच बन्सीची बन्सीलाल झालेली सही बघितली. नंतर देवघरात जाऊन बसले.

आधी कुंकवाचं. तू मॅट्रिकला बसलास तेव्हा, कारखान्यात पहिल्या दिवशी गेलास तेव्हा, फैजपूरला नवरदेव होऊन निघालास तेव्हा, मी ओवाळल्याशिवाय तुला उंबरा ओलांडू दिला नाही. या वेळी तू समोर नव्हतास, फोटो होता. मी फोटोला लावलं. कागद आहे, ओल धरेल, पोस्टात दाबला जाईल, हे मला सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. चूक माझी. पण मनातून नव्हतं, हे मी ऐकून घेणार नाही. मला नको असतं तर मी तुला चार ओळींत नको म्हणून लिहिलं असतं आणि एक ड्राफ्ट वाचवला असता. देवाला मध्ये घालून काम बिघडवणारी बाई मी नाही. तो माझ्या घरात राहतो, त्याच्याकडून मी असली कामं करून घेत नाही.

आता पुढचं. गुरुवारी यांच्या पासवर आम्ही दोघं नाशिकला गेलो. भाडं पडलं नाही, घरून पोळी-मिरचीची चटणी नेली होती. कार्यालयात एक अधिकारी बाई आहेत. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांना तो फॉर्म आठवत होता, कारण टपाल फोडणाऱ्या कारकुनाने लग्नपत्रिका समजून तो बाजूला ठेवला होता आणि दुपारी सगळ्यांना विचारलं होतं की कुणाकडचं लग्न आहे. त्या एवढ्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मग म्हणाल्या की विलंब शुल्क भरून ३१ जुलैपर्यंत अर्ज घेतात. ते शुल्क मी भरलं, त्यांनी तुझ्या नावावर नोंदलं, पावती माझ्याजवळ आहे, ते तुझ्याकडून घ्यायचं नाही. कोरा फॉर्म आणला, तो सोबत आहे. ड्राफ्टही परत पाठवते आहे, रद्द केलेला नाही.

निघताना मी त्या बाईंना विचारलं की या डिग्रीची किंमत काय, मला खरं सांगा, माझा भाऊ आहे. त्यांनी आम्हाला बसवलं. म्हणाल्या की नाव घालणाऱ्यांपैकी कितीतरी पहिल्याच वर्षी सोडतात. जे पगारासाठी येतात त्यातल्या काही जणांना पगार मिळतो, काही जणांना नाही, आणि कुणाला मिळेल ते आम्ही सांगू शकत नाही. मी म्हटलं की मग तुम्ही देता काय? तर त्या म्हणाल्या, आम्ही पुस्तकं देतो. एवढंच म्हणाल्या. यांना ते उत्तर आवडलं, मला राग आला.

घरी येऊन मी मांडलं. शेठ नाही म्हणाले. म्हणजे आठशेचा फरक गेला. स्कूटर लांबली, तीन पावसाळे सायकलवर. रविवार गेले. सुनंदाची भीती तशीच आहे, ती खोटी नाही. खर्चाच्या बाजूला सगळं आणि जमेच्या बाजूला काही नाही. रुपयांत ही डिग्री बसत नाही, बन्सी. कितीही वेळा मांडलं तरी बसत नाही. मी हो म्हणाले होते ते आठशेवर म्हणाले होते.

पण तुझं पत्र मी यांना वाचून दाखवत होते, तर हे म्हणाले की शेठचा नकार याने केवढ्यात आटोपला आणि गोण्यांचं केवढं लिहिलं ते बघ. मी बघितलं. शेठ सहा ओळी, गोण्या पानभर. आणि गोण्या मोजायला गोदामात गेलास, ते तुला कुणी सांगितलं होतं? शेठनी नाही, त्या पुण्याच्या पोराने नाही, मी तर नाहीच. हे कुठल्या बाजूला लिहायचं, ते मला कळत नाही. जमेला लिहावं तर रक्कम काय घालू, आणि न लिहावं तर पान खोटं ठरतं. इतकी वर्षं घरचा जमाखर्च लिहिते आहे, असं कधी अडलं नव्हतं.

म्हणून मी अजून हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. एकादशीपर्यंत मला विचार करू दे. फॉर्म भरून ठेव, पण टाकू नकोस. आधी इकडे धाड, मी नजर घालीन आणि काय ते सांगेन. नवा फोटो सुकलेल्या डिंकाने नको, खळीने चिकटव.

सौ. सुनंदाला सांग, तिने मनातलं लिहायला लावलं ते बरं केलं. आलेला राग उतरला की पूर्वीसारखी सही करत जा.

तुझी
लिलाअक्का


जळगाव, गुरुवार, २३ जुलै १९९२

ती. सौ. अक्का व ती. नाना यांच्या चरणी बन्सीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पाकीट मंगळवारी मिळालं. त्यात निघालं ते असं: कोरा फॉर्म एक, ड्राफ्ट एक, आणि तुझं पत्र, जे मी कारखान्याच्या फाटकाशी सायकल धरून वाचलं. वॉचमनने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेता येत नाही, म्हणून त्याबद्दल पाया पडतो. नाशिकच्या हसणाऱ्या बाईंचं सुनंदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली की अक्कांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे तिला पहिल्याच दिवशी माहीत होतं, पण ते मी आपणहून ओळखायला हवं होतं.

रात्रीच फॉर्म भरायला बसलो. नाव, पत्ता, नोकरी, अनुभव, सगळं झालं. सगळ्यात शेवटी एक रकाना आहे, हा अभ्यासक्रम आपण का करू इच्छिता. पहिल्या फॉर्ममध्ये मी तिथे पदोन्नतीसाठी असं लिहिलं होतं, एका झटक्यात. या वेळी ते लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं झालं असतं. कारण पदोन्नती मिळणार नाही, हे आता मला माहीत आहे, तुला माहीत आहे, नानांनाही माहीत आहे. म्हटलं, मग दुसरं कारण काय? सुनंदा समोर बेबीचे केस विंचरत होती. तिला विचारलं. ती म्हणाली की मला विचारू नका, अक्कांनाही विचारू नका, तिथे तुमचं नाव लिहिलंय. आणि वर म्हणाली की पहिल्या वर्षी सोडलंत तर पेटी माझ्या माहेरी नेऊन वाजवीन आणि सगळ्या फैजपूरला कारण सांगीन. तर तिची भीती अशी तिने मिटवली.

तुला जो आकडा सापडत नाही तो मलाही सापडला नाही, अक्का. शेठ कदाचित कधीच विचारणार नाहीत. स्कूटर तीन वर्षांनी महागही होईल. मी सगळं पुन्हा मांडून बघितलं, तुझ्यासारखंच नुकसानीत आलं. तरी सकाळी उठलो तेव्हा माझ्या डोक्यात पुढचंच प्रकरण होतं. मग त्या रकान्यात जे खरं होतं तेवढंच लिहिलं, मला हे समजून घ्यायचं आहे म्हणून. एवढ्या मोठ्या रकान्यात ती एकच ओळ बसली आणि खाली बरीच जागा रिकामी राहिली. ती तशीच राहू दिली.

तू फॉर्म टाकू नकोस, आधी इकडे धाड, असं लिहिलं होतंस. मी ते दोनदा वाचलं. काल दुपारच्या सुट्टीत मी पोस्टात गेलो आणि नाशिकला रजिस्टर करून आलो. पावती सुनंदाजवळ आहे.

पेटी आणि होमिओपॅथी सोडली तर तुला विचारल्याशिवाय केलेलं हे माझं पहिलंच काम आहे. सही तू म्हणालीस तशी पूर्वीसारखीच करतो आहे, राग उरलेला नाही. तू एकादशीपर्यंत विचार करणार होतीस, तो जरूर कर आणि जे काय ठरेल ते उलट टपाली कळव. नाही असलं तरी कळव. फॉर्म तर गेला आहे, पण तुझं मत आल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझा
बन्सी